चार ते सात, भूक असो वा नसो

माणसाला भूक केव्हा लागावी, हे पूर्वी पोट ठरवत असे. आता ते रिसॉर्टचा व्यवस्थापक ठरवतो. गोव्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी रिसॉर्टमध्ये हल्ली स्विमिंग पूलच्या कडेला एक आटोपशीर सुशी बार असतो आणि त्याच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : ‘हॅपी अवर्स, चार ते सात. एका कॉकटेलवर दुसरं फ्री. निवडक रोल अर्ध्या किमतीत.’ दोन वाजेपर्यंत बुफेला शर्थीची झुंज दिलेलं कुटुंब चारच्या ठोक्याला तिथे पुन्हा पाट मांडतं. भूक नसते, पण किंमत निम्मी असते. मराठी मध्यमवर्गाच्या पोटाला अर्ध्या किमतीइतकं गुणकारी चूर्ण अजून कोणत्याही वैद्याने काढलेलं नाही.

व्यवस्थापक हे दानधर्म म्हणून करतो, असा समज असेल तर तो सोडावा. चार ते सात या वेळात गिऱ्हाईक समुद्रात तरी असतं, नाहीतर खोलीत घोरत तरी असतं. आचाऱ्याचा पगार, एसी आणि बर्फ मात्र चालूच असतात, आणि कापलेला मासा कुणासाठी थांबत नाही. रिकाम्या खुर्चीपेक्षा निम्म्या पैशांची भरलेली खुर्ची परवडते, एवढाच हा हिशेब. फ्री मिळालेला दुसरा ग्लास पहिल्याच्या किमतीत बसवलेला असतो, आणि तिसरा सात वाजून पाच मिनिटांनी, पूर्ण किमतीत, आपण स्वतः होऊन मागवतो. ‘निवडक रोल’ कोणी निवडलेत हेही आपण विचारत नाही. त्यात काकडी असते, काकडीनंतर अव्होकॅडो असतो आणि मग खेकड्याची कांडी असते.

या कांडीत खेकडा शोधायला जाऊ नये. ती माशाच्या धुऊन मळलेल्या लगद्याची, म्हणजे सुरिमीची असते. खेकड्याचं काम रंग आणि वास परस्पर उरकतात. ही सुरिमी राणी माशासारख्या स्वस्त मासळीपासून आपल्याच किनाऱ्यावर बनते. रत्नागिरीचं गद्रे मरीन ती परदेशी पाठवतं. तेव्हा जपानी म्हणून मिटक्या मारत खाल्लेला तुकडा कोकणातला निघण्याची शक्यता अगदीच नाही असं नाही. पण हे बारवर बोलू नये. रत्नागिरीच्या माशाला एवढा भाव दिला हे कळलं तर मंडळींची संध्याकाळ नासेल.

हाच मराठी माणूस रविवारी सकाळी मासळीबाजारात बघावा. कल्ला उचलून लाली तपासतो, बोटाने दाबून पाहतो, ‘बर्फातला दिसतोय’ म्हणून कोळणीशी हुज्जत घालतो. सुशी बारवर मात्र तो कल्ल्याचं नाव काढत नाही. कच्च्या खायच्या माशातले कृमी मरावेत म्हणून बहुतेक जातींचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर पंधरा तास गोठवावा, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. म्हणजे इथे बर्फातला मासा हेच शहाणपण. घरी ताटातला भात निवला की भुवया चढवणारे गृहस्थही इथे गार भाताची वाखाणणी करतात. खुद्द जपानी कारागीर भात अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात, ही गोष्ट अलाहिदा.

हिरव्या गोळीचंही तसंच. कुणी चटणी समजून ती सबंध तोंडात टाकली की शेजारच्या टेबलावरची अनुभवी मंडळी हसतात. हसू नये. जपानबाहेर वसाबी म्हणून जे मिळतं ते बहुतांशी हॉर्सरॅडिशचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं. म्हणजे जवळजवळ चटणीच. बिचारा बरोबर होता.

परंपरेच्या नावाने चॉपस्टिकशी झटापट करणाऱ्यांसाठीही एक बातमी आहे. आजच्या नमुन्याची निगिरी सुशी १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, चालू लागली. तिचं श्रेय हानाया योहेई या माणसाला दिलं जातं. गाड्यावर उभ्या उभ्या, हाताने उचलून खायचं आणि कामाला लागायचं, असं घाईतल्या गरीब माणसाचं ते खाणं. साल्मन तर तिथे कच्चा खातच नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेला आपला साल्मन खपवायचा होता, म्हणून त्यांनी जपान्यांना तो पटवला. कॅलिफोर्निया रोल उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मला. एकंदरीत, नॉर्वेचा मासा, अमेरिकेची युक्ती आणि जपानचा सदरा. हे सगळं मागवताना आपण आवाज खाली आणतो आणि पाठ ताठ करतो.

सरकारांना मात्र हॅपी अवर्सच्या या आनंदाची धास्ती वाटते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने १९८४ मध्ये आणि आयर्लंडने २००३ मध्ये दारूवरच्या अशा वेळेपुरत्या सवलती बंद केल्या. महाराष्ट्राने त्याहून नामी तोडगा काढला. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो, तोही कागदोपत्री प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. गोव्यात ही अट नाही. त्यामुळे तिथे आपल्याला प्रकृतीची सबब न सांगता पिता येतं, आणि निम्मा आनंद तिथेच वसूल होतो.

उरलेला निम्मा बिलात जातो. खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असलेल्या हॉटेलात खाण्यावर अठरा टक्के जीएसटी, गावातल्या साध्या खानावळीत पाच. दारू जीएसटीबाहेर, तिच्यावर राज्याचा कर वेगळा. शिवाय तळाशी सेवाशुल्क. ते न विचारता लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय. पण कोळणीशी दहा रुपयांसाठी वीस मिनिटं भांडणारा माणूस इथे मुकाट्याने सही करतो, आणि खोलीत परतताना बायकोला सांगतो, ‘आज चांगले वाचवले!’

पावसाळी पॅकेजवर जाणाऱ्यांना तर विशेष सूचना. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. समोरचा समुद्र सुटीवर असतो, सुशी बार नसतो. प्लेटमधला मासा आपल्याइतकाच लांबून, बहुधा विमानाने, आलेला असतो.

सुशी वाईट नाही. नीट केलेली असेल आणि भूक लागली असेल तर झकासच. पण चार वाजता भूक नसेल तर समुद्रात डुंबा, ते चोवीस तास फुकट आहे. आठला भूक लागेल, तेव्हा गावातल्या खानावळीत जाऊन हुमण-भात मागवा. तिथे अर्ध्या किमतीचा फळा नसतो, कारण आधी दुप्पट किंमत लावलेली नसते.