भिंतींचा खुलासा करावा!

प्रति,
शिक्षकवृंद, आशा मराठी विद्यालय व श्री धर्मण्णा सादुल प्रशाला,
नीलमनगर, सोलापूर.

विषय : ऑनलाइन शिक्षणाच्या काळात परस्पर भिंती रंगवल्याबाबत.

महोदय/महोदया,

15 जून 2020 ला राज्याचं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. कोरोनामुळे शाळांना कुलूप होतं, आमच्या नेतृत्वाला नव्हतं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेच्या लिंक रोज वरून येत आणि आम्ही त्या खाली ढकलत असू. जिल्हा, तालुका, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालकांचा ग्रुप. संध्याकाळी अहवाल त्याच वाटेने वर चढे. वाटेत मूल कुठे भेटलं नाही, पण साखळी एकदाही तुटली नाही. प्रशासन म्हणतात ते यालाच.

आणि तुम्ही? कापडाच्या कारखान्यात नि मजुरीला जाणाऱ्या पालकांकडे स्मार्टफोन आहे का, हे आधी पाहत बसलात! लिंक पाठवण्यापूर्वी असलं काही बघायचं नसतं. बघितलं की पाठवायला हात धजत नाही.

मग तुम्ही वस्तीतल्या घरांच्या सुमारे 300 भिंती रंगवल्यात. पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे, अक्षरं, आकडे, व्याकरण, सूत्रं, सगळं गल्लीत. पोरं अंतर राखून उभ्या-उभ्या वाचू लागली. रिचार्ज नको, रेंज नको, पासवर्ड नको. विड्या वळता वळता एखाद्या माउलीने मान वर केली, तरी तिलाही धडा दिसणार. तिची नोंदणी कोणत्या पोर्टलवर आहे?

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी बघा. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला आणि 3 डिसेंबर 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. अभिनंदनाचे फलक लागले, तेव्हाच आम्ही अख्खा जिल्हा डिजिटल झाल्याचं मनोमन जाहीर करून टाकलं. कोड वाचायला फोन लागतो, ही किरकोळ बाब फलकावर मावली नाही. मात्र 10 लाख डॉलरच्या बक्षिसातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकलं, हे आम्हाला खटकलं. हाती आलेलं वाटून टाकायची ही खोड नीलमनगरलाही लागलेली दिसते.

तरी सात दिवसांत पुढील बाबींचा खुलासा करावा. भिंतीसमोरची हजेरी कोणत्या नमुन्यात घेतली? स्क्रीनशॉट कुठे आहेत? आधी आदेश निघाला की आधी रंग आणला? खुलासा अर्थातच लिंकवर भरायचा आहे.

शेवटचं, खाजगीत. ‘लिंक पोहोचली का?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे कायम तयार असतं. तुमच्या भिंती बघून उद्या कुणी ‘मुलं शिकली का?’ असं विचारायला लागलं, तर त्याचा रकाना आमच्या एकाही तक्त्यात नाही.

आपला,
लिंक पुढे पाठवून मोकळा झालेला एक कार्यक्षम अधिकारी