जहाज थांबतं कुणासाठी?

फ्लॉरेन्सला समुद्र नाही, हे मला जहाजाचे पैसे भरून झाल्यावर कळलं.

पत्रकात बंदरांची यादी होती. तिच्यात 'फ्लॉरेन्स' ठसठशीत छापलेलं आणि त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरांत 'लिव्होर्नो'. लिव्होर्नोपासून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर. रोमचंही तेच. जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला आणि रोम राहतं सत्तर-ऐंशी किलोमीटर आत. उद्या एखाद्या कंपनीनं 'कोल्हापूर बंदर' असं छापलं, गोऱ्या पाहुण्यांना रत्नागिरीच्या धक्क्यावर उतरवलं आणि 'आंबा घाट चढलात की आलंच' म्हणून सांगितलं, तर या हिशेबानं त्यात काही खोटं नाही.

धक्का आणि शहर यांच्यामधलं हे जे अंतर आहे, त्याच्यावरच सगळा धंदा उभा आहे. जहाज सकाळी सातला लागतं, संध्याकाळी सातला सुटतं. मधल्या बारा तासांत तुम्ही जहाजाची सहल विकत घ्यायची, नाहीतर आपलं आपण फिरायचं. सहलीचे पैसे वेगळे. माणशी युरोचा आकडा साडूंनी रुपयांत करून बघितला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

कोल्हापुरात कुठल्याही प्रश्नावर दोन पार्ट्या पडतात. पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल सामन्यासारखं सगळं गाव वाटून घेतं. आमच्यातही पडल्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना मिरज यायच्या आत साडू जहाजाच्या पार्टीत गेले होते. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जहाजाच्या सहलीची बस वाटेत अडकली, तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतंत्र गेलेला माणूस उशिरा आला, तर तो धक्क्यावर उभा राहून आपल्या खोलीचा दिवा लांब जाताना बघतो. पुढचं बंदर त्यानं स्वतःच्या खर्चानं गाठायचं.

"साडूभाऊ, जहाज म्हणजे काय एसटी न्हवं," ते म्हणाले. "हात केल्यावर थांबायला."

विरुद्ध पार्टीत आबा. आबा आमच्या गल्लीतल्या तालमीचे जुने वस्ताद, वय पंच्याहत्तर, मुलानं साठीची राहिलेली भेट म्हणून पाठवलेले. त्यांनी यादी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. घुमट, पूल, चौक, चामड्याचं दुकान, पिसाचा कलता मनोरा. ऐकून झाल्यावर म्हणाले, "आणि महाराज?"

महाराज यादीत नव्हते.

कोल्हापूरच्या वाचकाला सांगायला नको, पण नव्या पिढीची राजारामांत गल्लत होते म्हणून सांगतो. शिवरायांचे राजाराम वेगळे, शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम वेगळे. आबांचे महाराज म्हणजे हे मधले राजाराम. १८७० साली विलायतेला गेले. सुएझ कालवा उघडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि समुद्र ओलांडला की धर्म बुडतो ही समजूत अजून कोरडी ठणठणीत होती. इंग्लंड बघितलं, राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय वर्षं वीस. त्या कॅथलिक शहरात हिंदू पद्धतीनं दहन करायचं, तेही दोन नद्यांच्या संगमावर, ही मागणी नगरपालिकेनं ऐकली आणि मानली. आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथं चिता रचली गेली. १८७४ साली तिथंच छत्री उभी राहिली. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. म्हणजे ज्यानं आमचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा उभा केला त्याचाच. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा.

गंमत बघा, महाराजांचीही सहल एका अर्थानं जहाजाचीच होती. बरोबर सरकारनं दिलेला कॅप्टन वेस्ट, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, काय बघायचं ते ठरलेलं. त्याच वेस्टनं पुढं महाराजांची रोजनिशी १८७२ साली लंडनला छापून काढली. विसाव्या वर्षी एवढं बघणाऱ्या मुलाला एखादा दिवस तरी बरोबरचा साहेब चुकवून भटकावंसं वाटलं असेल का, हे त्या साहेबानं छापलेल्या वहीत शोधायला मी काही जाणार नाही.

शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले ते एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाला. इकडं मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर गॅझेटात निघाला २६ जुलैला, आणि महाराज त्या वेळी युरोपात. रोमचं जुनं मैदान बघून त्यांच्या डोक्यात खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना आली असं आमच्याकडं सांगतात. १९१२ साली खासबाग झालंसुद्धा. रोमचं ते मैदान आजही जहाजाच्या बसेस रोज दाखवतात. बघून आलेला माणूस फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घेऊन येतो.

तर, राजाराम महाराज. जहाजावर सहलींची खिडकी असते. मी रांगेत उभा राहून तिथल्या मुलीला माझ्या इंग्रजीत विचारलं, फ्लॉरेन्सच्या सहलीत इंडियन प्रिन्स आहे का? तिनं गोड हसून नवव्या मजल्यावरच्या भारतीय जेवणाची वेळ सांगितली.

आबांचा निकाल तिथंच लागला. "आपली आपण जाऊ."

आता एक बाजू सांगायची राहिली, आणि ती सगळ्यांत शहाणी होती. आमची ही आणि मेव्हणी, दोघी बहिणी, कुठल्याच पार्टीत गेल्या नाहीत. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं, पोहण्याच्या तलावाकाठी खुर्च्या मोकळ्या मिळतात आणि मसाजलाही सवलत असते, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. "तुम्ही बघून या, आम्हाला फोटो दाखवा," असं म्हणून त्यांनी आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं. जहाजाची सहल की स्वतंत्र, यावर जगभर एवढा काथ्याकूट चालतो, पण न उतरण्याचा पर्याय कुणी मांडत नाही. त्यात कमिशन नाही.

सकाळी आठला साडू बसमध्ये बसले. छातीवर गोल स्टिकर, त्यावर सतरा नंबर. पुढं गाइड, तिच्या हातात काठी, काठीला पिवळा रुमाल. आमच्याकडं दिंडीत पताका असते, पण वारकऱ्याला सतरा नंबर नसतो.

आम्ही दोघं धक्क्यावरून शटल बसनं गावात, गावातून स्टेशनवर. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, त्यामुळं पहिलं भाडं इथंच लागलं. तिकीट काढलं. आबांनी ते खिशात घडी करून ठेवलं. गाडीत चढताना शेजारच्या बाईनं हातवारे करून सांगितलं, की कागदी तिकीट आधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं, नाहीतर दंड. आबा उतरले, यंत्रात तिकीट घातलं, 'टक्' असा आवाज आला आणि परत येऊन म्हणाले, "लई इमानदार माणसं. स्वतःचं तिकीट स्वतःच फाडत्यात."

दीड तास. खिडकीतून सूर्यफुलांची वाळलेली शेतं. फ्लॉरेन्सला उतरलो तेव्हा घुमट कुठल्या दिशेला आहे ते मी विचारलंच नाही. कारण माझ्या डोक्यात एकच आकडा होता, साडेसहा. साडेसहाच्या आत जहाजावर. स्वतंत्र फिरणाऱ्याचं स्वातंत्र्य असं असतं. साडूंच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते त्याच्याकडं बघत नव्हते. मी दर चौदा मिनिटांनी बघत होतो.

कासिने नावाची बाग आर्नोच्या काठानं साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली आहे. ट्राम तिच्या एका टोकाला सोडते आणि महाराज पार दुसऱ्या टोकाला. आबा सबंध अंतर चालले. रोज पहाटे तालमीत बैठका मारलेला माणूस, त्याला काय. मी मागून. सायकलवाले, कुत्री फिरवणाऱ्या बायका, झाडाखाली झोपलेला एक पोरगा. मग झाडी विरळ झाली आणि छत्री दिसली.

टाऊन हॉलच्या बागेत उभं राहिल्यासारखं वाटलं. तोच ऐटबाज मँटसाहेबी थाट, पंचगंगेऐवजी आर्नो. आत महाराज, फेटा बांधलेले, अंगावर दागिने, पुतळ्याला रंग दिलेला, चेहरा कॉलेजातल्या पोराचा. पलीकडं तारांवर ताणलेला मोठा आधुनिक पूल. त्याचं नाव 'पोंते अल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल. चौथऱ्याला टेकून एकजण सँडविच खात होता. त्याला मी महाराजांकडं बोट करून विचारलं, तर त्यानं मान हलवून सांगितलं, "इंदियानो."

आबांना ते रुचलं नाही. "इंडियन म्हंजे काय? कोल्हापूरचं म्हन की!"

त्यांनी खिशातून दोन वस्तू काढल्या. एक अंबाबाईच्या कुंकवाची पुडी. दुसरी खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, शंभर मिलीलीटरची, विमानात चालते तेवढीच. आत पंचगंगेचं पाणी. ते मुंबईच्या विमानतळावर कुणी पकडलं नाही हे आमचं नशीब. प्रयोगशाळेत गेलं असतं तर रसायन बाळगल्याबद्दल आबा आत गेले असते. आबा नदीकडं निघाले तसं मी त्यांना अडवलं. म्हटलं, आबा, आर्नोत नको, युरोपियन युनियन दंड करील. ते थांबले. विचार केला. मग छत्रीजवळच्या एका झाडाच्या बुंध्याशी बाटली रिकामी केली, कुंकवाचं बोट चौथऱ्याच्या दगडाला लावलं आणि वहाणा काढून उभे राहिले. सँडविचवाल्यानं खाणं थांबवलं. किती वेळ गेला माहीत नाही. तेवढ्या वेळात मी एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे मात्र खरं.

दुपारचं जेवण तिथंच बाकावर, पाव आणि कांदा-लसूण चटणी. मग मला साडेसहा आठवलं. आबांना जवळजवळ पळवत ट्रामपर्यंत आणलं, मिळाली ती गाडी पकडली आणि आम्ही साडेतीनला लिव्होर्नोच्या धक्क्यावर हजर. जहाज सुटायला साडेतीन तास. घुमट नाही, पूल नाही, चौक नाही. फ्लॉरेन्सला जाऊन फ्लॉरेन्स न बघितलेला माणूस म्हणून माझं नाव कुठं नोंदवायचं असेल तर नोंदवावं. वर डेकवर दोघी बहिणी टॉवेल गुंडाळून आइस्क्रीम खात होत्या. "इतक्या लवकर?" ही म्हणाली. "भांडलात काय?"

सहा वाजले. साडेसहा वाजले. सतरा नंबरची बस नाही. पावणेसातला आबा कठड्यावर वाकून बघायला लागले. लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की आमच्या सहलीची एक बस वाहतुकीत अडकली आहे, आपण तिची वाट बघत आहोत. सात वाजून गेले. एवढं अकरा मजली धूड, हजारो माणसं, एका पिवळ्या रुमालासाठी धक्क्याला बांधून उभं. साडूंचा मुद्दा असा सगळ्या जहाजासमोर सिद्ध झाला. सव्वासातला बस आली. साडू उतरले ते पालखीतून उतरल्यासारखे. वर बघून त्यांनी आम्हाला हात केला.

रात्री जेवताना त्यांचा मोबाइल टेबलावर फिरला. साडू आणि डेव्हिड, साडू आणि डेव्हिड, डेव्हिड आणि अर्धे साडू. चौकातल्या उन्हात काढलेले फोटो होते. चौकातला डेव्हिडचा पुतळा ही प्रतिकृती आहे, खरा १८७३ साली तिथून हलवून आत नेला, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. जहाज त्यांच्यासाठी थांबलं होतं. त्या माणसाला तेवढी रात्र द्यायला हवी होती. आबांनी फोटो लांब धरून बघितला आणि वस्तादी निकाल दिला. "मांड्या बऱ्या हायत. मान कच्ची."

"आत्ता खरी वस्तू दाखवतो," साडू म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालून खोका काढला. सहलीतला पाऊण तास चामड्याच्या दुकानात गेला होता. तो सगळ्याच सहलींत जातो. आमच्याकडं अंबाबाईचं दर्शन दहा मिनिटांत उरकून पाहुण्यांची गाडी चपलेच्या दुकानापुढं तासभर कशी उभी राहते, ते भवानी मंडपाच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा. खोक्यात पातळ कागद, कागदाच्या आत पिशवी. पिशवीत चप्पल. अंगठा, पट्टा, वेणी, सपाट तळ. इटालियन लेदर, हातानं शिवलेली. किंमत मेव्हणीनं विचारली तेव्हा साडूंनी युरोत सांगितली आणि रुपयांत करू दिली नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं असलीच चप्पल चालवली तेव्हा हेच साडू आमच्या कट्ट्यावर सगळ्यांत जास्त खवळले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून २०१९ साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, म्हणजे हे नाव दुसऱ्या कुणाला लावता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला त्या वेळी समजावून दिलं होतं.

कुणी काही बोलेना. ही खाली मान घालून पापड मोडत होती. आबांनी चप्पल हातात घेतली. तळ दाबला, अंगठा ओढून बघितला, दोन्ही हातांनी धरून वाकवली. मग कानाजवळ नेऊन परत एकदा वाकवली.

"साडू," ते म्हणाले, "ही वाजत न्हाई."