दीड फुटाची वाट

वेताळ टेकडीवर खाणीच्या अलीकडे गिरिपुष्पाच्या झाडीत शिरणारी एक पायवाट आहे. मी तिथे पहिल्यांदा सायकल घातली तेव्हा ती दीड फूट रुंद होती. हँडलच्या दोन्ही टोकांना फांद्या घासायच्या. गेल्या रविवारी मी उतरून पावलांनी मोजली. एका जागी ती सात पावले भरली.

ही सात पावले एका डबक्याची आहेत. पावसाळ्यात तिथे वीतभर पाणी साचते. फिरायला आलेला माणूस बूट भिजू नयेत म्हणून डबक्याच्या कडेने जातो. चेनला चिखल लागू नये म्हणून सायकलवाला त्याच्याही बाहेरून जातो. कडेचे गवत मरते, माती उघडी पडते, खचते आणि डबके तिथवर पसरते. मग पुढचा माणूस आणखी बाहेरून. माझे म्हणणे इतकेच आहे की डबक्याच्या मधून जा. बूट धुता येतात, चेन पुसता येते. मेलेले गवत आणून लावता येत नाही.

टेकडी म्हणजे पुणे शहरातल्या सर्वांत उंच जागांपैकी एक, सुमारे २६०० फूट. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता, कुठूनही चढा, वर वाटांचे जाळे लागते. ते कोणी आखलेले नाही. गुरे चारणारे, लाकूडफाटा नेणारे, देवळाला जाणारे, पहाटे फिरणारे अशा हजार पायांनी ते पडले आहे. म्हणूनच इथे सायकल चालवण्यात जी मजा आहे ती आखलेल्या ट्रॅकवर नाही. झाडीतून वळताना पुढे दहा हात दिसते, तेवढ्यात एखादा मोर वाट ओलांडतो, आणि पुढचे वळण कसे घ्यायचे ते हातांना आधी कळते, डोक्याला नंतर.

या जाळ्यात एखादी वाट शोधणे हे मात्र वेगळे काम आहे. वाटांना नावे ज्याची त्याची. जाणकाराला विचारले तर तो सांगतो, ‘पडलेलं झाड आहे ना, तिथून डावीकडे.’ ते झाड कधीच सरपणाला गेलेले असते. मग माणूस मोबाइल काढतो, आणि तिथे खरी गडबड सुरू होते. नकाशावर दिसणाऱ्या कितीतरी रेषा म्हणजे कोणीतरी एकदा चुकून गेलेली वाट. तो चुकला, काट्यात अडकला, सायकल उचलून बाहेर पडला, आणि घरी जाऊन मोबाइलने टिपलेले वाटेचे रेकॉर्डिंग जसेच्या तसे नकाशावर चढवून मोकळा झाला. दुसरा ती रेघ धरून गेला, तिसरा त्याच्या मागे. आता तिथे खरोखरच वाट पडली आहे, आणि ती कुठेही जात नाही. अशीच एक रेघ धरून गेल्या डिसेंबरात मी थेट खाणीच्या कड्याशी येऊन थांबलो. ब्रेक नवे होते म्हणून. चुकलेला तुकडा काढून मग रेकॉर्डिंग चढवायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे लोक का देत नाहीत, हे मला खरेच समजत नाही.

पण सगळ्यात वाईट म्हणजे शॉर्टकट. नागमोडी वाटेची दोन वळणे जोडणारी, उतारावरून सरळ खाली येणारी रेघ. वाट नागमोडी असते ती उगीच नाही. १९८८ पासून डोंगरी सायकलस्वारांची एक आंतरराष्ट्रीय संघटना याच विषयावर काम करते आहे, आणि तिचा एक साधा नियम आहे: वाटेचा उतार डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर शंभर फुटांत तीस फूट उतरत असेल, तर वाटेने पंधराहून जास्त उतरू नये. सरासरी तर दहाच्या आत असावी. याचे कारण पाणी. वाट उताराला आडवी असली की पाणी ती ओलांडून खाली निघून जाते. उभी असली की पाण्याला वाट हीच वाट सापडते. आपल्या टेकडीवर वर बोटभर मुरूम, खाली काळा पाषाण. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून जातो, मुळे उघडी पडतात आणि शॉर्टकटची घळ होते. मग घळीतून चालता येत नाही म्हणून तिच्या शेजारी दुसरा शॉर्टकट पडतो. एवढे करून वाचते काय? अर्धे मिनिट. टेकडीवर आपण वेळ घालवायला येतो ना?

पहिल्या पावसानंतर लगेच सायकल घेऊन येणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. सखल भागात काळी माती आहे. ती टायरला पोळीसारखी गुंडाळते आणि चाक फिरायचे थांबते. त्याहून त्रासाचे ते नंतरचे. जूनमध्ये उमटलेली चाकाची चरी ऑक्टोबरात विटेसारखी कडक होते आणि पुढल्या जूनपर्यंत प्रत्येकाचे पुढचे चाक तिच्यात अडकते. दोन दिवस थांबले असते तर काय बिघडले असते?

चालणारे आणि सायकलवाले यांची तेढ पुण्याने शोधलेली नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरे सुटली आणि डोंगरी सायकलिंगचा हा खेळ जन्मला. वाट कोणाची, हा वाद तिथेही चालला. चालणाऱ्याचा हक्क पहिला, हे मला मान्य आहे. मी थांबतो, पाय टेकतो. पण मी काय करावे हे एकदा ठरवून सांगा. एक मावशी म्हणाल्या, ‘अहो, घंटी लावा की सायकलला! केवढी दचकले मी.’ मी घंटी लावली. पुढच्याच आठवड्यात एक काका म्हणाले, ‘ही टेकडी आहे, लक्ष्मी रोड नाही. घंटी कसली वाजवता?’ आता मी लांबूनच ‘काका, मागून येतोय’ म्हणतो, तर काकांच्या कानात इअरफोन. हेही चालेल. चालत नाही ते चौघांनी शेजारी शेजारी जाणे. दीड फुटाच्या वाटेवर चौघे मावत नाहीत, म्हणून तिघे गवतावरून चालतात, आणि रोज तेच चौघे येतात. एकामागे एक चालूनही गप्पा होतात. आमच्या आजोळी शेताच्या बांधावरून बायका अशाच जायच्या, आणि त्यांचे बोलणे कधी तुटल्याचे मला आठवत नाही.

वाट रुंदावली की सराटे येतात. झाडीच्या दाट सावलीत सराटा उगवत नाही. उघडी, तुडवलेली जमीन त्याला आवडते. त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वरच. त्या सात पावलांच्या जागी माझे टायर तीनदा पंक्चर झाले. तिसऱ्यांदा सायकल ढकलत खाली एका दुकानात आलो. माझे चाक एकोणतीस इंची. दुकानदाराने सव्वीसची ट्यूब पुढे केली. ‘बसते हो दादा, ताणून.’ रिमच्या व्यासात त्रेसष्ट मिलिमीटरचा फरक आहे. बरे, त्या ट्यूबचा वॉल्व मोटारसायकलसारखा आठ मिलिमीटरचा जाड, आणि माझ्या रिमचे भोक सहाचे. तो ड्रिल घेऊन आला. मी सायकल उचलून घरी नेली.

काट्यांखेरीज झाडीत मांजाही असतो, म्हणून संक्रांतीनंतरचा महिनाभर मी तिथे गळ्याला रुमाल बांधून जातो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो दोन फांद्यांमध्ये नेमका गळ्याच्या उंचीला ताणलेला सापडतो. जेवढा दिसेल तेवढा गुंडाळून खाली आणतो.

जानेवारीत मी त्या डबक्याशी दोन तास काम केले. बाजूने तिरका चर काढून पाण्याला उताराकडे वाट करून दिली, डबक्यात दगड बसवून वर मुरूम चोपला, आणि दोन्ही कडांना वाळक्या बोरीच्या फांद्या टाकल्या. मध्ये दीड फूट मोकळे ठेवले. सायकल चालवून पाहिली, छान जात होती.

पुढच्या रविवारी आलो तर फांद्या उचलून झाडाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवलेल्या होत्या. कोणाला काटा लागू नये म्हणून, असणार. मधल्या दगडांवर एकही पाऊल नव्हते. दोन्ही कडांना होती. मी फांद्या पुन्हा पसरल्या.