कोरड्या पायांचा धोका

नवी मुंबईतल्या सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावर मॉल आणि कचेऱ्या बांधल्या, तेव्हा बांधणाऱ्यांचा हेतू नेक असावा. गाडीतून उतरलेल्या माणसाने पावसाचा थेंब अंगावर न घेता कामाला लागावं किंवा खरेदीला. पण इथला नोकरदार पुरुष असल्या सोयींना बधत नाही. डोक्यावर छप्पर, हातात छत्री, अंगावर विंडचीटर, लॅपटॉपच्या बॅगेला स्वतंत्र रेनकोट. आणि बुटांच्या आत, सकाळी साडेआठपासून, दोन ओले मोजे. ते तो रात्री घरी जाईपर्यंत ओलेच ठेवतो. त्याच्या या निष्ठेची दखल आजवर कुणी घेतलेली नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात खरेदीपासून करू. हाच पुरुष मोबाइल घेण्याआधी महिनोन् महिने अभ्यास करतो. कॅमेरा केवढा, बॅटरी किती टिकते, दिवाळीच्या सेलमध्ये किंमत किती उतरेल, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. बूट घेताना दुकानात चार फेऱ्या मारतो, अंगठ्यापुढे किती जागा उरली ते दाबून बघतो. त्याच बुटाच्या आत, कातडीला चिकटून, दिवसाचे अकरा-बारा तास जी वस्तू राहायची आहे, ती मात्र तो शंभराला तीन जोड्या या भावाने, चालता चालता, गाडीची अनाउन्समेंट ऐकत घेतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो : ‘काळे आहेत ना?’ काळे असतात. व्यवहार संपतो. मोजे कशाचे विणलेत, टाचेला खोबण आहे की नुसती सरळ नळी, बोटांवरची शिवण बोचेल का, असल्या चौकश्या पुरुषाला शोभत नाहीत. एवढी झटपट निर्णयक्षमता कंपन्यांच्या संचालक मंडळांत शोधून सापडायची नाही.

त्यात पुन्हा ‘फ्री साइज’. सहा नंबरचा पाय आणि दहा नंबरचा पाय यांत भेदभाव न करणारी एवढी एकच गोष्ट आपल्या समाजात उरली आहे. सहा नंबरवाल्याच्या मोज्याची टाच घोट्याच्या वर जाऊन बसते आणि उरलेलं कापड बोटांखाली गोळा होतं. दहा नंबरवाल्याचा मोजा ताणून ताणून अंगठ्याच्या नखापाशी पारदर्शक होतो. त्रास दोघांना सारखाच. यालाच समता म्हणतात. काही कंपन्या मोज्यांवर 39 ते 42, 43 ते 46 असे नंबर छापतात, काही तर डाव्या पायाचा आणि उजव्या पायाचा मोजा वेगळा विणतात. ही फूट पाडण्याची नीती वेळीच ओळखली पाहिजे.

याहून चोखंदळ पुरुष ‘प्युअर कॉटन’ मागतो. हा भक्तिमार्ग झाला. कॉटन घाम शोषतं, हे त्याला लहानपणी बनियन घालताना आईने सांगितलेलं असतं, आणि आई खोटं बोललेली नसते. कापूस घाम शोषतो. फक्त शोषलेला सोडत नाही. सर्वसाधारण हवेत नुसतं पडून राहिलेलं सूतसुद्धा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं. पॉलिएस्टर धरतं जेमतेम 0.4 टक्के. बनियनला वारा लागतो, ते वाळतं. मोजा बुटात कोंडलेला असतो, आणि तिथे कापसाचा स्वभाव गावाकडच्या भाऊबंदांसारखा होतो : एकदा ताब्यात आलेलं परत द्यायचं नाही. भिजलेली कातडी मऊ पडते, मऊ कातडीवर ओलं कापड जास्त घासतं, आणि चारच्या चहापर्यंत टाचेला फोड येतो. भक्त दोष बुटाला देतो. कॉटनवरची श्रद्धा अढळ राहते.

अलीकडे ‘बांबूचे मोजे’ असाही एक संप्रदाय निघाला आहे. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला तो धागा बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतो आणि पाणी पिण्यात कापसाला हार जात नाही. पण पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं. श्रद्धेला तेवढं पुरे.

या सुखात विघ्न आणणारे लोक आहेतच. त्यांचं म्हणणं असं की पावसाळ्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, थोडा इलास्टेन घातलेला पातळ मोजा घ्यावा. वरच्या बाजूला जाळी असावी, जाडी फक्त तळव्याला आणि टाचेला. नाहीतर सरळ लोकरीचा घ्यावा. लोकर! जुलैत! सीवूड्सला! यावर आपण हसतो आणि हसलंच पाहिजे. आपल्या धनगरांनी पिढ्यान् पिढ्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात मेंढरं राखली, ही गोष्ट वेगळी. धनगराला कुठे ऑफिस होतं? शिवाय दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती पायाला टोचणार. मोज्यांना लागते मेरिनो मेंढीची बारीक लोकर, जी आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या एका जोडीच्या पैशांत स्टेशनबाहेर पोतंभर मोजे येतात. पोतं ओलं राहील, पण पोतं ते पोतं.

ही माणसं प्रामाणिक आहेत, त्यामुळे अधिकच धोकादायक. ती स्वतःच कबूल करतात की उत्तम मोजासुद्धा चमत्कार करत नाही. सिंथेटिक धागा घाम कातडीवरून उचलून बाहेरच्या अंगाला नेतो, पण तिथून तो उडून जायला हवा लागते. रेक्झिनच्या बंद बुटात हवा नाही, आणि जुलैत बुटाबाहेर जी आहे ती स्वतःच भिजलेली. तेव्हा त्यांचा खरा उपाय असा : बॅगेत एक सुकी जोडी ठेवावी आणि जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलावेत. जोडीचं वजन मोबाइलच्या चार्जरपेक्षा कमी. एक चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही आत काम होतं. इतकं सोपं काहीतरी खरं असेल, यावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवू नये.

तरीही प्रत्येक ऑफिसात एक फितूर निघतोच. तो घरून फ्लोटर्स घालून येतो. बाथरूममध्ये नॅपकिनने पाय पुसतो. नुसते पुसत नाही, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसतो. मग टेबलाखालच्या ड्रॉवरमधून कोरडे मोजे आणि कोरडे बूट काढतो आणि कामाला बसतो. दिवसभर त्याच्या चेहऱ्यावर संशय यावा इतकी शांतता असते. बाकीचे एकनिष्ठ सहकारी टेबलाखाली टाच बुटातून अर्धी बाहेर काढून, अंगठा वरखाली करत मीटिंग ऐकतात. ‘काय राव, पाय पुसायला ऑफिसला येतोस का?’ असं कुणीतरी त्याला विचारतं. संघटनेची ताकद यालाच म्हणतात.

लष्कराने या बाबतीत अक्षम्य घाई केली, हे इतिहासात नोंदलेलं आहे. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या हिवाळ्यापासून, पश्चिम आघाडीच्या पाणी भरलेल्या खंदकांत सैनिकांचे पाय सडू लागले. ‘ट्रेंच फूट’ हे नाव तिथलं. इंग्रजी सैन्याने शेवटी मोजे बदलण्याचे हुकूम काढले, पायांना देवमाशाचं तेल चोळायला लावलं, आणि आपल्या माणसांच्या पायांची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली. तोफगोळ्यांना न भिणारं सैन्य ओल्या मोज्याला भ्यालं. आपल्या एचआर खात्यांनी हे धोरण स्वीकारलं नाही, यातच त्यांचा कणखरपणा दिसतो. त्यांनी बूट काळे आणि पॉलिश केलेले हवेत, एवढ्यावर भागवलं.

आइन्स्टाईननेही इथे कच खाल्ली. अंगठा मोज्याला भोक पाडतो म्हणून त्या गृहस्थाने मोजे घालणंच सोडलं. सापेक्षतावाद सुचलेल्या डोक्याला आपल्याकडचा साधा उपाय सुचला नाही : भोकाचा मोजा उजव्या पायातून काढायचा आणि डाव्यात घालायचा. भोक करंगळीकडे जातं. अंगठ्याला नवी जमीन मिळते. जोडी आणखी एक पावसाळा काढते.

आता विकासाकडे वळू. हे शहर वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली. त्याआधी दारावे, करावे ही गावं आणि त्यांची शेती-खाडी एवढंच इथे होतं. लावणीच्या दिवसांत माणसं सकाळपासून चिखलात उभी राहायची आणि त्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. रात्री त्यावर मेंदी थापून झोपायचं, सकाळी पुन्हा चिखलात. आज त्याच जमिनीवर काचेच्या इमारतीत, एसीखाली, आयुष्यात भाताचं रोप हातात न धरलेल्या माणसाला चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते, खाजते. त्वचारोगतज्ज्ञ बुरशी म्हणतात आणि मलम लिहून देतात, माणूस तेवढ्यापुरतं लावतो आणि सकाळी कालचेच मोजे चढवतो. पूर्वी चिखल्यांसाठी चिखल लागायचा. दोन पिढ्यांत आपण ती अट काढून टाकली.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही या माणसाचं काम मोठं आहे. एनआरआय कॉम्प्लेक्समागच्या आणि टी. एस. चाणक्य या संस्थेजवळच्या पाणथळ जागा वाचाव्यात म्हणून इथले लोक वर्षानुवर्षे कोर्टात भांडत आहेत. आपला पुरुष मात्र कुणाच्या परवानगीची वाट न बघता दोन खाजगी पाणथळ जागा स्वखर्चाने राखून आहे, आणि जैवविविधता त्यांत भरपूर. दोन्ही तळपायांत मिळून घामाच्या अडीच लाखांच्या आसपास ग्रंथी असतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. त्यावर आणि मऊ पडलेल्या कातडीवर पोसणारे जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात आणि संध्याकाळी बूट काढल्यावर सगळं घर ज्याला ओळखतं तो वास तयार होतो. मलेरियाच्या डासाच्या मादीला माणसाच्या पायांचा वास आणि लिंबुर्गर चीजचा वास सारखाच प्रिय आहे, हे दाखवल्याबद्दल बार्ट नॉल्स आणि रुर्ड डी यॉंग यांना 2006 साली इग नोबेल मिळालं. म्हणजे डासांची सोय बघणारा हा माणूस जागतिक संशोधनाचा विषय आहे, आणि घरी त्याला ‘अहो, ते आधी बाहेर काढा’ एवढंच ऐकायला मिळतं.

घरी आल्यावर मोज्यांचा दुसरा प्रवास सुरू होतो. दोरीवर जागा नसते. असली तरी बाहेर आठवडाभर ऊन नसतं. मोजे फ्रिजच्या मागे जातात. तिथून पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर. सकाळी सव्वासातला इस्त्रीखाली. वाफ निघते, कुबट वास घरभर पसरतो, मोजा गरम होतो. गरम म्हणजे सुका, हे पुरुषांचं भौतिकशास्त्र आहे. वर टाल्कम पावडर शिंपडली जाते, जी नेरूळ येईपर्यंत बोटांत मळलेल्या कणकेच्या रूपाला पोचते. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात. ते बोळे पाणी खरोखरच ओढतात, म्हणून घरात कुणी ना कुणी ते सकाळी बदलायचे विसरतं.

या साधनेचं चीज होतं भाद्रपदात. ऑफिसमधल्या साहेबांच्या घरी गौरी-गणपतीच्या दर्शनाला जायचं असतं, थेट ऑफिसातून. दाराबाहेर चपलांचा ढीग. पुरुष भिंतीला एक हात टेकवून बूट काढतो. बूट सुटताना ‘च्वक्’ असा आवाज येतो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने गौरीची पावलं काढलेली असतात, कुंकू भरलेली. त्यांना चुकवत तो आत जातो आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्या पावलांशेजारी दुसऱ्या पावलांची एक ओली रांग उमटत जाते. ‘मोजे काढून ठेवायचे का?’ असं तो विचारतो, कारण काढले तर काय दिसेल ते त्याला माहीत असतं. ‘अहो, राहू द्या हो,’ वहिनी म्हणतात, कारण त्यांनाही अंदाज असतो. मग तो सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन बसतो, एका पायावर दुसरा पाय झाकून. एवढ्यात घरातलं पोर ओरडतं, ‘काका, तुमचा अंगठा बाहेर आलाय!’ ‘गप रे,’ म्हणून आई त्याला आत पाठवते, आणि मोदकाची ताटली पुढे येते. सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं आणि कुणी काही पाहिलेलं नसतं. ओल्या मोज्याशिवाय एवढं सामाजिक सौजन्य कुठून आलं असतं?

म्हणून कोरड्या मोज्यांचा प्रचार करणाऱ्यांना माझा विरोध आहे, आणि तो पायांपुरता नाही. इतकी वर्षं नशीब म्हणून सोसलेली गोष्ट एका सुक्या जोडीने, जेवणाच्या सुट्टीत, सुटते, हे एखाद्याला कळलं की त्याला चटक लागते. तो इकडेतिकडे बघायला लागतो. स्टेशनच्या रस्त्यावर दर जूनमध्ये त्याच कोपऱ्यात घोटाभर पाणी का साचतं? एका टोकावर पाय दिला की दुसऱ्या टोकाने पिचकारी मारणारा पेव्हर ब्लॉक दर वर्षी नवा बसवतात, तरी दर वर्षी सैल कसा? बाहेर धो धो कोसळत असताना चामड्याचे बूट घालायलाच हवेत, असं कुणी ठरवलं? ओल्या पायांच्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत. त्याचं सगळं लक्ष करंगळीच्या खाजेवर असतं. तो दिवस ढकलतो, गाडी पकडतो, कर भरतो. सार्वजनिक शांतता या माणसावर उभी आहे.

तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणी दुपारी बॅगेतून सुकी जोडी काढताना दिसला, तर हसून सोडून देऊ नका. नाव लिहून घ्या. आज तो फक्त मोजे बदलतो आहे.