खुर्ची जप्त, साहेब फिल्डवर

मराठवाड्यातल्या माणसाला सरकारी कचेरीतून हमखास मिळणारी वस्तू म्हणजे पुढची तारीख. पण पंधरा-वीस वर्षं इमानाने चकरा मारणाऱ्याला कधीमधी साहेबांची खुर्चीही मिळते. अर्ध्या तासापुरती.

लातूरच्या काय किंवा नांदेडच्या काय, कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर चहा मागवा. कप रिकामा व्हायच्या आत शेजारच्या बाकड्यावरून 'मावेजा', म्हणजे गेलेल्या जमिनीची भरपाई, हा शब्द कानावर पडलाच म्हणून समजा. तलावासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन जाते. भाव कचेरी ठरवते आणि नेमका त्याच वेळी तिला तालुक्यातला सगळ्यात पडीक माळ आठवतो. शेतकरी कोर्टात जातो. कोर्ट वाढीव मावेजा मंजूर करतं. कचेरी म्हणते, निधी उपलब्ध नाही. मग हुकमाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त. हुकूमनाम्यानंतर तीन महिने सरकारच्या मागे लागायचं नाही, अशी सवलत दिवाणी कायद्यानेच दिलेली आहे. कचेरी त्या तीन महिन्यांचा अर्थ तीन पिढ्या असा लावते. शेवटी कंटाळून कोर्ट जप्तीचं वॉरंट काढतं आणि बेलिफ, वकील, शेतकरी, त्याची दोन पोरं आणि गावातले हौशी अशी वरात कचेरीच्या पायऱ्या चढते.

वरात दारात आली की साहेब फिल्डवर जातात. हे फिल्ड नेमक्या कोणत्या गट नंबरमध्ये आहे, ते भूमी अभिलेख खात्यालाही अजून सापडलेलं नाही. मागे राहिलेला कारकून बेलिफला चहा पाजतो आणि यादी सुरू होते. खुर्ची एक, फिरती. संगणक एक, बंद. प्रिंटर एक, शाई नाही. पंखा एक, आवाजासह. कपाट एक, किल्ली साहेबांकडे. सगळं सामान भंगारात घातलं तरी वकिलाची फी निघायची नाही, हे बेलिफालाही ठाऊक असतं. पण खुर्ची व्हरांड्यात येते! जिच्यासमोर टोपी हातात धरून जन्म गेला, ती शेतकरी एका हाताने उचलतो आणि भर उन्हात ठेवतो. तेवढ्यात साहेबांचा फोन येतो. लेखी हमी, महिनाभराची मुदत, खुर्ची परत आत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. गावात तो फोटो देवघराच्या भिंतीवर लागतो, आणि मावेजा पुढच्या आर्थिक वर्षात.

शेजारच्या बीडने तर 2025 च्या मार्चमध्ये खुर्चीवर भागवलं नाही. नव्वदच्या दशकात तलावात गेलेल्या जमिनीच्या मावेजासाठी थेट जिल्हाधिकाऱ्यांची गाडी जप्त झाली. आमच्याकडे त्या बातमीवर दोन दिवस कौतुक चाललं होतं, त्यात थोडी असूयाही होती.

आता व्याजाचं. जुन्या 1894 च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मावेजावर पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे दरसाल 15 टक्के व्याज आहे. एवढं व्याज कोणतीच बँक देत नाही, आणि जी देते ती राहत नाही. म्हणजे सरकारी आळस ही मराठवाड्यातली सर्वांत भरवशाची मुदत ठेव ठरते. ऐकून बरं वाटतं. पण हे व्याज साहेबांच्या पगारातून जात नाही, तिजोरीतून जातं. आणि त्या तिजोरीत तुम्ही-आम्ही काडीपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक खरेदीवर भर घालत असतो. सूड घ्यायचा आपण आणि बिलही भरायचं आपणच, असला हा आहेर आहे.

चिल्लरवाल्यांचं तेच. वाढीव वीजबिलाने पेटलेला गृहस्थ चिल्लरची पिशवी घेऊन खिडकीवर जातो. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत स्वीकारावी लागतात. दहाचं नाणं आमच्या बाजारात भाजीवालाही घेत नाही, रिझर्व्ह बँकेने कितीही खुलासे केले तरी. त्यामुळे पिशवी भरायला वेळ लागत नाही. खिडकीमागचा माणूस मोजतो, चुकतो, परत मोजतो. गृहस्थ धन्य होतो. शिव्या मात्र मागच्या रांगेतल्यांकडून येतात: "ओ काका, काय करूलालाव, आमाला गावाकडं जायचंय!" वीज कंपनी त्या वेळी वातानुकूलित असते.

रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरमाचं झाड लावायची आमची जुनी चाल आहे. झाड अंगाने टिकाऊ, पाणी लागत नाही, नाव समर्पक. फक्त एक भीती वाटते, की एखाद्या हुशार अधिकाऱ्याने ती झाडं वृक्ष लागवडीच्या उद्दिष्टात धरायला नकोत. काही जण याच्याही पुढे जातात. फुलंब्री पंचायत समितीच्या दारात गेवराई पायगाच्या सरपंचांनी 2023 च्या मार्चअखेरीस दोन लाखांच्या नोटा उधळल्या. विहिरींच्या मंजुरीसाठी टक्केवारी मागतात, हा त्यांचा आरोप होता. त्याने राज्य हललं. पण एवढा महागडा सूड सगळ्यांना परवडायचा नाही.

स्वस्तातला आणि खरा बोचणारा सूड एकच, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पाचा. तो स्टॅम्प लावलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रोजचा अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड, आणि तो जन माहिती अधिकाऱ्याने स्वतः सोसायचा. खुर्ची गेली तर दुसरी येते. पगारातला हजार गेला तर घरी उत्तर द्यावं लागतं. म्हणून जप्तीच्या वरातीला चहा पाजणारा कारकून हा साधा कागद पाहिला की उठून बसतो. काय मागावं, हीही कला आहे. धोरण, आराखडा, भवितव्य असलं काही मागू नये. साहेबांच्या गाडीचं लॉगबुक मागावं, दोन रुपये पानाप्रमाणे. हालचाल नोंदवही मागावी. फिल्डवर गेलेले साहेब त्या तारखेला वहीत कुठे होते, हे कळलं की पुढचा अर्ज आपोआप सुचतो. 2018 च्या शासन निर्णयाने तर दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कार्यालयातली कागदपत्रं बघायला मिळण्याची सोय करून ठेवली आहे. ही गोष्ट कुठल्याही कचेरीच्या फलकावर ठळक अक्षरांत दिसली तर मला कळवा, मी पेढे घेऊन येतो.

गाडी अडते ती अपिलात. पहिलं अपील त्याच कचेरीतल्या मोठ्या साहेबांपुढे, म्हणजे सासूची तक्रार आजेसासूकडे. दुसरं अपील माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, छत्रपती संभाजीनगरला.

आणि मोठ्या कचेरीसाठी एवढ्या लांब जावं लागण्यामागे आम्हा दोन जिल्ह्यांचं खरं कर्तृत्व आहे. नांदेड आणि लातूर मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. 2009 मध्ये नवं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं. लातूर पेटलं, बंद झाले, प्रकरण कोर्टात गेलं. ज्या कचेऱ्यांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, त्यांतली सगळ्यात मोठी कचेरी आपल्याच गावात हवी म्हणून आम्ही एकमेकांवर सूड उगवला आणि तो पुरेपूर साधला. आजही मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरातच आहे. लातूरकर एका रस्त्याने जातो, नांदेडकर दुसऱ्याने, आणि दोघे एकाच बाकड्यावर बसून साहेब येण्याची वाट बघतात.

तुम्ही निघालात तर अर्जाची पोच बरोबर ठेवा, आणि तिच्यावर आवक क्रमांक टाकलाय का ते तिथेच उभं राहून बघा.