फुकटच्या साधनांनो, कारणे दाखवा!

मु. पो. कन्हेरी,
ता. बारामती, जि. पुणे

प्रति,
फुकट मिळणारी साधी-सोपी शैक्षणिक साधने (सर्व),
मुक्काम : गुरुजींचा मोबाईल

विषय : वर्गात विनासमारंभ प्रवेश केल्याबाबत.
संदर्भ : नाही. (आपली फाईलच नाही.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्याविरुद्ध तक्रार आली आहे आणि ती मीच केली आहे. पंचक्रोशीतल्या शाळांचा कुठलाही कार्यक्रम असो, व्यासपीठावर एक खुर्ची माझी असते. तिथून मी संगणक आलेले पाहिले, प्रोजेक्टर आलेला पाहिला, मोठ्या पडद्याचा टीव्ही आलेला पाहिला. प्रत्येकाला हार घातला. तुम्हाला मात्र येताना कुणी पाहिलेच नाही. तुम्ही थेट वर्गात सापडलात, आणि तेही काम करताना!

आमच्या गावात हे चालत नाही. कन्हेरीचा मारुती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ त्याच्यासमोर फुटतो, तेव्हा कुठे बारामतीत निवडणूक आल्यासारखी वाटते. अशा गावच्या शिवारात एखादी गोष्ट नारळाशिवाय सुरू होते म्हणजे काय?

तुमचा पहिला दोष असा की, तुम्हाला किंमत नाही. म्हणून निविदा नाही, बिल नाही, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद नाही, ‘यांच्या सौजन्याने’ अशी पाटी लावायला जागाही नाही. क्यूआर कोडचेच घ्या. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. पेटंट घेतले, पण हक्क गाजवला नाही. कुणीही वापरा, म्हणाले. घोटाळा इथेच झाला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते काळे-पांढरे चौकोन थेट पाठ्यपुस्तकात आणले. मोबाईल धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. पुढे बालभारतीची पुस्तकेच कोडसह छापली जाऊ लागली. 3 डिसेंबर 2020 रोजी गुरुजींना दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकायचे ठरवले! फुकटच्या साधनांची संगत ही अशी. माणूस वाटत सुटतो. सत्काराला आम्ही कसर ठेवली नाही, हे नमूद करतो. कोडच्या गळ्यात हार घालता येत नाही, गुरुजींच्या येतो.

दुसरा दोष : तुम्ही जुन्या सोयी मोडता. द्विशिक्षकी शाळेत एका गुरुजींकडे दोन-दोन इयत्ता. एका बाजूला वजाबाकी चालू असताना दुसऱ्या बाजूचे वाचन कोण ऐकणार? म्हणून मागे बसलेला पोरगा वर्षभर नुसते ओठ हलवून सुखाने पुढच्या वर्गात जात असे. तेवढ्यात गूगलचे ते रीड अलाँग ॲप आले, 2019 साली ‘बोलो’ या नावाने भारतात उतरलेले. मूल मराठी गोष्ट मोठ्याने वाचते, ॲप ऐकते, अडले तर शब्द सांगते आणि चुकले तर खेकसत नाही. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी अडत नाही. बिचाऱ्या पोराला आता खरोखर वाचावे लागते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. तुमच्यामुळे पोरे प्रश्न विचारतात. भूगोलाच्या तासाला गूगल अर्थ उघडायचे, वीर धरणापासून नीरा डावा कालवा धरून बोट बारामतीवरून इंदापूरकडे सरकवायचे. कालव्याच्या अंगाला हिरवेगार, जिरायती गावांकडे वळले की करडे माळरान. मग चौथीतली मुलगी विचारते, “गुरुजी, त्यांच्याकडं पाणी का नाही?” हा प्रश्न चौथीतच पडू लागला तर आम्ही प्रचारसभेत बोलायचे काय? मोबाईलच्या साध्या रेकॉर्डरने तर कहर केला. पोरे आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपून वर्गात ऐकवतात. आम्ही जिला कधी व्यासपीठावर बोलावले नाही, ती म्हातारी आता भाषेच्या तासाला पाहुणी!

यावरून बारामतीला तंत्रज्ञानाचे वावडे आहे, असे समजू नये. इथल्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. 2025 च्या सुरुवातीला खुद्द कंपनीप्रमुख सत्या नडेलांनी तिचे कौतुक केले. माती, हवामान आणि उपग्रहाची छायाचित्रे यांचा मेळ घालून पाणी कधी द्यायचे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. त्यामागे यंत्रे आहेत तशी ती समजावणारी माणसेही आहेत. मग शाळेलाही तसेच पाठबळ द्या, असे कुणी म्हणेल. अहो, ऊस वर्ष-दीड वर्षात कारखान्याच्या काट्यावर चढतो. पोरगे काट्यावर चढायला पंधरा वर्षे लागतात, तोवर तीन निवडणुका होऊन जातात.

शिवाय ‘आम्ही फुकट’ ही तुमची बढाईही खोटी आहे. रिचार्ज गुरुजींच्या खिशातला, मोबाईल गुरुजींचा, चार्जिंग अनेकदा घरून; कारण बिल थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. त्याच मोबाईलवर माहिती भरायची, फोटो चढवायचे, ‘तातडीचे’ असे लिहिलेल्या निरोपांना उत्तरे द्यायची. 2016 च्या नोव्हेंबरात तर मुलांसोबत सेल्फी काढून शिक्षण विभागाच्या ‘सरल’ पोर्टलवर टाकण्याचा फतवा निघाला होता. शिक्षक भडकले ते उगाच. तेव्हा लक्षात ठेवा, तुमच्यावर बंदी घालायची आम्हाला गरजच पडत नाही. नुसती माहिती मागवली की पुरते. गुरुजींचा मोबाईल आणि गुरुजी, दोघेही वर्गातून गायब होतात.

तरीही मोठ्या मनाने तुम्हाला एक संधी देत आहे. पुढील अटी मान्य असतील तर अधिकृत प्रवेश मिळेल :

1. स्वतःला किंमत लावून घ्यावी. सहा आकडी असल्यास उत्तम.
2. चार माणसांनी उचलावे लागेल इतके वजन धारण करावे, म्हणजे फोटोत चार माणसे येतात.
3. बिघाड झाल्यास दुरुस्तीचा माणूस पुण्याहूनच यावा आणि तो कधीच येऊ नये.
4. उद्घाटनानंतर कपाटात कुलूपबंद राहण्याची तयारी असावी. पोरांचे हात लागून खराब झाल्यास जबाबदारी आमची नाही.

खुलासा सात दिवसांत सादर करावा. न केल्यास तुम्हाला काही सांगायचे नाही, असे गृहीत धरले जाईल. तसे ते आम्ही आधीच धरले आहे.

कळावे,
आपला,
व्यासपीठावरील खुर्चीधारक

ता. क. : पुढच्या आठवड्यात शाळेत नव्या स्मार्ट पॅनेलचे उद्घाटन आहे. फीत कापल्यावर पाहुण्यांना पडद्यावर काहीतरी दाखवावे लागेल, आणि पॅनेलमध्ये कंपनीच्या नावाखेरीज काहीच नाही. गुरुजींनी हॉटस्पॉट द्यायचे कबूल केले आहे. आपण सर्वांनी वेळेवर हजर राहावे. येताना मागच्या दाराने यावे. भाषणात आपला उल्लेख होणार नाही.