दोन तिकिटं ठेवलीयेत तुमची

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठेही राहा. वर्षातून एकदा तरी हा फोन येतोच. "बरे आहात ना सगळे? मग ऐका. चौदा तारखेची संध्याकाळ मोकळी ठेवा. दोन तिकिटं ठेवलीयेत तुमची." तिकिटं कोणी मागितलेली नसतात. कशाची आहेत तेही कळलेलं नसतं. तरी तोंडातून "बरं" निघून जातं आणि फोन ठेवताच स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "किती घालवलेत?"

फोन निधीकाकूंचा असतो.

नाव-आडनाव निरनिराळं, पण घडण सगळीकडे एकच. काकू बँकेतून, एलआयसीतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या असतात. मुलींचं वसतिगृह, अंधशाळा, वृद्धाश्रम, रक्तपेढी अशा कुठल्या तरी संस्थेच्या कार्यकारिणीवर त्या फार वर्षं असतात. पद कायम 'सहकार्यवाह'. अध्यक्ष बदलतात, विश्वस्त थकतात, कार्यवाहांची मुलगी बंगळुरूला असल्यामुळे ते सहा महिने तिकडेच असतात; सहकार्यवाह जागच्या हलत नाहीत. वसतिगृहाचं छप्पर गळायला लागतं, बैठकीत सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसतात, आणि काकू पिशवीतून डायरी काढून म्हणतात, "एक कार्यक्रम करू या."

छपरासाठी पैसे हवेत तर सरळ मागावेत, नाटक कशाला, असं एखादा नवा विश्वस्त विचारतो. काकूंचं उत्तर ठरलेलं असतं. "नुसते मागितले तर माणूस पाचशे देतो आणि वर्षभर तोंड चुकवतो. तिकीट दिलं की पाचशे देतो, नाटकाला नावं ठेवतो आणि पुढच्या वर्षी स्वतःच विचारतो, यंदा काय आहे?"

ही परंपरा जुनी आणि घरंदाज आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे असं काँग्रेसने ठरवलं होतं. त्या फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तारीख ८ जुलै. मुदत टळून गेल्यावर कार्यक्रम होण्याची प्रथा तेव्हाही होती, हे वाचून काकूंना मोठाच धीर येतो. दोन बिऱ्हाडांचे दोन सम्राट एका रंगमंचावर आणायचे, तर कोणी तरी निरोपांची ने-आण केली असणार, कोणाचा तरी रुसवा काढला असणार, कोणी तरी श्रीमंतांच्या पायऱ्या झिजवल्या असणार. इतिहासात नावं राहिली ती गायकांची. सहकार्यवाह कोण होते, हे काकू अधूनमधून जाणकारांना विचारत असतात.

काकूंच्या तोंडी असलेला दुसरा दाखला सामाजिक कृतज्ञता निधीचा. पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी पुढे आली आणि निधीसाठी महाराष्ट्रभर नाटकाचे प्रयोग झाले. विषय समाजपरिवर्तनाचा, तेव्हा नाटकही तसंच जळजळीत निवडलं असेल असं वाटेल. निवडलं होतं अत्र्यांचं 'लग्नाची बेडी'. लागू, निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी रंगमंचावर, आणि खाली प्रेक्षक पोट धरून हसताहेत. काकूंनी यावरून आपला पहिला नियम बांधला आहे: काम गंभीर असेल तर कार्यक्रम हसरा हवा. एका वर्षी कार्यकारिणीतल्या एका प्राध्यापकांनी वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी वृद्धांच्या एकाकीपणावरचं नाटक सुचवलं होतं. काकूंनी त्यांना प्रेमाने स्मरणिका समितीवर पाठवलं.

दुसरा नियम असा, की संस्थेतल्या मुलांना रंगमंचावर उभं करून रडवायचं नाही. त्यांनी यायचं ते कलाकार म्हणून. इथे त्या डॉ. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या 'स्वरानंदवन'कडे बोट दाखवतात. आनंदवनातले कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलाकार त्यात गातात, वाजवतात, नाचतात आणि लोक टाळ्या वाजवतात त्या कार्यक्रमाला. म्हणून वसतिगृहातल्या मुलींनी बसवलेलं भारूड काकू मध्यंतरानंतर लगेच ठेवतात. कारण तेव्हा लोक वडा खाऊन खुशीत असतात आणि जाहिरातदार अजून घरी गेलेले नसतात.

आता पैशांचं. निधीकाकूंना नाटकाच्या कलामूल्याबद्दल विचारलं तर त्या दोन वाक्यांत आटपतात. कॉन्ट्रॅक्टबद्दल विचारलं तर दीड तास. अख्खा प्रयोग कंपनीकडून ठरावीक रकमेला घ्यायचा आणि तिकिटं आपण आपल्या दराने विकायची, हा कॉन्ट्रॅक्ट शो. दर मात्र मन मानेल तसा वाढवता येत नाही. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यापुढे तो मागे लागतो. म्हणून काकूंच्या पुढच्या रांगा नेमक्या ५०० च्या असतात आणि त्याहून जास्त द्यायची ऐपत ज्यांच्या चेहऱ्यावर दिसते त्यांच्यासाठी वेगळं पावतीपुस्तक असतं. "खुर्चीचे पाचशे झाले. आता छपराचे सांगा."

नाट्यगृहाचं भाडं, कंपनीची रक्कम, वर्तमानपत्रातली दोन बोटांची जाहिरात, फ्लेक्स, हार, शाल, श्रीफळ हे सगळं वजा केल्यावर तिकीटविक्रीतून खर्च निघाला तरी काकू देवापुढे साखर ठेवतात. संस्थेच्या हाती जे पडतं ते स्मरणिकेतून. स्मरणिका म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, संस्थेचा आढावा, सातवीतल्या मुलीची कविता आणि बाकी जाहिराती. ती वाचायची नसते, चाळायची असते. आणि प्रत्येक जण चाळतो तो आपलं पान शोधण्यासाठी.

मलपृष्ठ मिळवणं हे काकूंचं वर्षाचं मुख्य युद्ध. मिठाईच्या दुकानात त्या दुपारी चारला जातात, गर्दी नसताना. मालक बघताक्षणी समजतात.

"काकू, यंदा मार्केट डाऊन आहे."

"हो ना. म्हणून तर म्हटलं, तुम्हाला अर्धं पान नकोच. लोक म्हणतील, यांचंच डाऊन आहे."

"मलपृष्ठ कोणाला दिलंय?"

"अजून कोणाला नाही. समोरच्या सराफांनी विचारलंय. मी म्हटलं, आधी आमच्या शेटजींना विचारते."

सराफांनी विचारलेलं असतं हे खरं. शेटजींनी घेतलं का, एवढंच विचारलेलं असतं. पाच मिनिटांत चेकबुक बाहेर येतं, वर पाव किलो आंबा बर्फी. बर्फी काकू घरी नेत नाहीत. ती नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांकडे जाते. सणासुदीच्या शनिवार-रविवारची तारीख मिळवताना अर्जासोबत गोड चेहरा लागतो आणि तो बर्फीने येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

मग प्लॅन. ऑनलाइन बुकिंगच्या जमान्यातही काकूंकडे नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा कागदी नकाशा असतो, चार घड्या पडून कोपरे विरलेला. तिकीट गेलं की पेनाची फुली, शब्द मिळाला की पेन्सिलीचं टिंब. या टिंबांत सगळ्या गावाचा इतिहास आहे. दोन डॉक्टर बंधू बोलत नाहीत, म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे. माजी नगरसेवकांना कडेची खुर्ची, कारण ते दीपप्रज्वलन झालं की निघतात. ज्या बाईंना खोकला आहे त्या एच रांगेच्या मागे. पहिल्या दोन रांगा राखीव, आणि त्यांत पैसे देऊन बसलेला एकही माणूस नसतो. फुकट पास मागणाऱ्यांसाठी काकूंचं एकच वाक्य आहे: "तुम्हाला पास देणं म्हणजे तुमचा अपमान आहे." मागणारा हे खरं मानून पाचशे काढतो.

परवानग्यांच्या बाबतीत त्या वकिलालाही ऐकत नाहीत. गाण्यांचा कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना. ध्वनिक्षेपक मोकळ्या मैदानात असेल तर रात्री दहाला आवाज बंद. गेल्या हंगामात मंगळागौरीच्या खेळांचा संच मैदानावर रंगात आला होता, झिम्मा टिपेला पोचला होता, दहाला दोन मिनिटं कमी होती. काकूंनी स्वतः जाऊन माइकची वायर काढली. बायकांनी पुढचा झिम्मा विनामाइकचा घातला आणि तो जास्त चांगला झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. सोसायटीतल्या पोरांनी "आम्हीही वर्गणी काढून संस्थेला देतो" म्हटलं, तेव्हा काकूंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की नोंदणीकृत न्यास नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र लागतं, गणपती मंडळं दरवर्षी काढतात तेच. पोरांनी त्यापेक्षा खुर्च्या लावायचं काम पत्करलं. काकूंना खुर्च्या लावायलाच माणसं हवी होती.

अलीकडे नाट्यगृहांची भाडी आणि तारखांची मारामारी बघून पुण्यातल्या निधीकाकू वारसा फेरीकडे वळल्या आहेत. भाडं नाही, ध्वनियंत्रणा नाही, नेपथ्य पेशव्यांनी करून ठेवलेलं. रविवारी सकाळी साडेसहाला लाल महालापाशी जमायचं, मग कसबा गणपती, शनिवारवाडा, नाना वाडा, तुळशीबागेतला राम आणि शेवटी विश्रामबागवाडा. माहिती सांगायला इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मानधन नको म्हणतात, मध्येच थांबवू नका एवढीच त्यांची अट. ती काकूंना परवडत नाही. प्राध्यापक कसब्यात जिजाबाईंच्या काळात रमले की काकू मनगटावरचं घड्याळ दाखवतात, कारण दुकानं उघडायच्या आत सगळ्यांना तुळशीबागेतून बाहेर काढायचं असतं. एकदा उशीर झाला आणि विश्रामबागवाड्यात दुसऱ्या बाजीरावाची कथा ऐकायला फक्त पुरुष उरले होते.

शनिवारवाड्यापाशी मात्र काकू स्वतः बोलतात. १७३० मध्ये बांधकामाला हात घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, खर्च आला १६,११० रुपये, हे आकडे त्यांना प्राध्यापकांपेक्षा पक्के पाठ आहेत. "सोळा हजार एकशे दहा! आणि आमच्या मांडववाल्याने परवा एका कमानीचे अठरा सांगितले." लोक हसतात. हसू ओसरायच्या आत क्यूआर कोडचा पुठ्ठा फिरायला लागतो. फेरीचं शुल्क आधीच भरलेलं असतं. हा पुठ्ठा छपराचा. प्राध्यापकांच्या मते इतक्या ऐतिहासिक जागी असं करणं शोभत नाही. काकूंच्या मते पेशव्यांवर कर्ज किती होतं, हे प्राध्यापकांनीच तर मागच्या रविवारी सांगितलं होतं.

त्यांच्यावर टीका होते आणि ती सगळीच खोटी नाही. एवढी धावपळ करून नाटक उभं करायचं, आणि निव्वळ शिल्लक पाहावी तर एखाद्या उद्योजकाने एका सहीत दिली असती एवढी. शाली आणि श्रीफळं यांवरचा खर्च संस्थेच्या महिन्याच्या भाजीइतका होतो, हेही वार्षिक सभेत कोणी तरी मोजून दाखवतं. काकू वाद घालत नाहीत. त्या हिशेबाची दोन पानं वाटतात, पै-पैशाची, व्हाउचरसकट. मग एक तिसरा कागद काढतात: कार्यक्रमाला पहिल्यांदा आले आणि नंतर संस्थेला देत राहिले त्यांची यादी. त्यात मुलींची फी भरणारे आहेत, दर शनिवारी गणित शिकवायला येणारे निवृत्त अभियंता आहेत, आणि वसतिगृहाच्या मुलींचे डोळे फुकट तपासणारे, डावीकडच्या खुर्चीतले डॉक्टरही आहेत. उजवीकडचे दात तपासतात. दोघे येतात वेगवेगळ्या दिवशी. उद्योजकाची सही एकदाच होते. ही माणसं तिकिटाच्या मागे लागून मिळालेली असतात. या बाबतीत काकूंचं बरोबर आहे.

तेव्हा यंदाच्या हंगामात आपल्या नावाची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत असं कळलं, तर कुरकुर न करता घ्या, आणि नाटक आवडलं नाही तरी मध्यंतरानंतरचं भारूड बघूनच उठा. वेगळी देणगी द्यायची असेल आणि ८० जी ची सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. चेक द्या किंवा यूपीआयने पाठवा. पॅन क्रमांक पावती फाडतानाच लिहून द्या. वर्षभराच्या देणगीदारांची यादी संस्थेला ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते, आणि ती टाइप करायला भर उन्हाळ्यात काकूंशिवाय कोणी बसत नाही.